मांजर रात्रभर ओरडतंय: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

मोठी झालेली मांजरं एकमेकांशी म्यांव करून फारसं बोलत नाहीत. आपसात त्यांचं काम वास, शेपूट, कान आणि फिस्कारण्यावर भागतं. म्यांव ही पिल्लाने आईला घातलेली हाक. घरातलं मांजर ती जन्मभर माणसासाठी जपून ठेवतं, कारण माणूस त्या हाकेला ओ देतो. म्हणून ओरडणाऱ्या मांजराकडे बघताना दोनच प्रश्न असतात: ते काय मागतंय, की त्याला काय होतंय?

लक्षणं

‘फार ओरडतं’ या एका तक्रारीत बऱ्याच वेगळ्या गोष्टी येतात. आपलं मांजर यातलं कुठलं, ते आधी ठरवा.

- पहाटे ४ ते ६ च्या सुमारास, रोज साधारण त्याच वेळी, बेडरूमच्या दाराशी छोटं छोटं, एकसुरी म्यांव. माणूस उठला की आवाज बंद: भूक किंवा लागलेली सवय.
- लांबलचक, सूर चढवत नेलेली, तान्हं मूल रडावं तशी हाक. सोबत जमिनीवर लोळणं, ढुंगण वर करून मागचे पाय नाचवणं, शेपूट एका बाजूला: भाटी, म्हणजे मादी मांजर, माजावर आली आहे.
- खिडकीच्या किंवा बाल्कनीच्या जाळीशी, शेपूट फुगवून, घशातून गुरगुर: बाहेर दुसरं मांजर आहे.
- लिटरच्या, म्हणजे शौचासाठीच्या वाळूच्या, ट्रेमध्ये बसल्यावर किंवा तिथून उठता उठता: लघवीचा किंवा शौचाचा त्रास.
- उडी मारताना, उचलताना, पाठीवरून हात फिरवताना एकदम किंकाळी: वेदना.
- वय १० च्या पुढे, मध्यरात्री रिकाम्या खोलीत उभं राहून घोगरा, मोठा, दिशाहीन आवाज: थायरॉईड, रक्तदाब, बहिरेपणा किंवा म्हातारपणचा विसराळूपणा.

यातलं काही दिसत असेल तर पुढचं वाचत बसू नका

बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतो, जोर करतो, ओरडतो, पण लघवी थेंबभरच होते किंवा होतच नाही. हे बद्धकोष्ठ समजून लोक एरंडेल शोधत बसतात, आणि तिथेच वेळ जातो. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. त्यात खडे किंवा चिकट बुळबुळीत गोळा अडकला की लघवी तुंबते, रक्तात पोटॅशियम वाढतं, आणि २४ ते ४८ तासांत जीव जाऊ शकतो. पोट दाबून बघू नका, मूत्राशय फुटू शकतं. रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा.

मागचे पाय अचानक लुळे पडले, पंजे थंडगार, आणि मांजर किंचाळतंय, हे रक्ताची गुठळी अडकल्याचं लक्षण असतं. तोंड उघडून धापा टाकणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होऊन अचानक वस्तूंवर आदळणं, किंवा कुणी ‘दुखत असेल’ म्हणून पॅरासिटामॉल देऊन झालंय, या सगळ्यांतही लगेच निघा. मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉल पचवता येत नाही. माणसाची अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

आणखी एक. बाहेर फिरणाऱ्या, लस न झालेल्या मांजराचा आवाज अचानक बदलला, लाळ गळतेय आणि ते अंगावर येतंय, तर उघड्या हातांनी धरू नका. खोलीत कोंडा आणि डॉक्टरांना फोनवर रेबीजची शंका सांगा.

पहिली तपासणी: कागद आणि पेन (खर्च शून्य)

फ्रिजवर एक कागद चिकटवा आणि पाच दिवस चार गोष्टी लिहा: किती वाजता, घरात कुठे, ओरडण्याच्या आधी काय घडलं, आणि कशाने थांबलं. चौथा रकाना सगळ्यात बोलका असतो. ‘खायला दिलं’ असं रोज दिसलं तर निम्मं निदान झालं. ‘कशानेच नाही’ असं दिसलं तर सरळ खालच्या तपासण्यांकडे जावं लागेल.

त्याच दिवसांत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आवाजासकट काढून ठेवा. दवाखान्यात गेल्यावर बहुतेक मांजरं चिडीचूप होतात, आणि डॉक्टरांना नुसत्या वर्णनावर काम करावं लागतं.

हेही नोंदवा की आवाज जुना आहे की नवा. सयामी आणि तिच्या गोतावळ्यातल्या जाती मुळातच बोलघेवड्या. सयामी पाळून शांततेची अपेक्षा म्हणजे पोपट पाळून मौनाची. पण जन्मभर मुखदुर्बळ असलेलं मांजर या महिन्यापासून ओरडायला लागलं, तर ‘लाडावलंय’ म्हणून सोडून देऊ नका.

दुसरी: पाणी, ट्रे, दारं (पाच मिनिटं)

पाण्याचं भांडं उथळ, पसरट, खाण्याच्या वाटीपासून दूर. कोणतं दार रात्री बंद होतं ते बघा. मांजराला दारापलीकडे जायचं असतंच असं नाही, दार बंद असल्याचीच तक्रार असते. दार चार बोटं उघडं ठेवून दोन रात्री बघितलं की कळतं.

ट्रेचा हिशोब सोपा आहे: जितकी मांजरं, त्याहून एक जास्त. लांबी मांजराच्या अंगाच्या दीडपट, लिटरचा थर साधारण ५ सेंटीमीटर, गोळे दिवसातून दोनदा काढायचे. झाकणाचा ट्रे माणसाला बरा वाटतो, पण आत वास कोंडतो. वॉशिंग मशीनशेजारी ठेवलेला ट्रे मशीन एकदा धडधडलं की कायमचा नावडता होतो. सुगंधी लिटरवर आल्यापासून ओरडणं सुरू झालं असेल, तर बिनवासाच्यावर परत जा.

तिसरी: पोट खरंच भरतंय का

इथे दोन उलट चुका होतात.

पहिली, दूधभात. पिढ्यान्‌पिढ्या मांजराला दूधभात घातला जातो, आणि ते खातंही. पण मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरीन नावाचं त्याला अत्यावश्यक असलेलं पोषकद्रव्य मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं की काही महिन्यांत डोळ्याचा पडदा आणि हृदयाचा स्नायू बिघडतो. पूर्वीची मांजरं उंदीर मारून कसर भरून काढायची, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधलं मांजर काय मारणार? शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडतं. अशा मांजराचं पोट फुगलेलं असतं आणि तरी ते ओट्याखाली बसून ओरडत असतं. ते खोटं बोलत नसतं. घर शाकाहारी असेल तर पाकिटातलं पूर्ण आहार असा उल्लेख असलेलं कॅटफूड हा सरळ मार्ग. घरचं द्यायचं तर उकडलेलं चिकन मीठ, कांदा, लसूण न घालता. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, म्हणून रश्श्यातला तुकडा धुऊन देण्यातही अर्थ नाही. नुसत्या चिकनवरही कायम ठेवता येत नाही, कॅल्शियम कमी पडतं. सुकट आणि सुका बोंबील कितीही आवडीचा असला तरी त्यात मीठ फार.

दुसरी चूक, वाटी सतत भरलेली. ४ किलोच्या, नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण २०० कॅलरी पुरतात. १०० ग्रॅममागे ३५० ते ४०० कॅलरी असलेलं सुकं खाणं म्हणजे ५० ते ५७ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा मोजून बघा. ‘मूठभर’ म्हणून घातलेलं घरातल्या तीन माणसांच्या तीन मुठींत सहज शंभरावर जातं. दिवसाचं खाणं सकाळीच एका डब्यात मोजून ठेवा आणि कुणीही घातलं तरी त्याच डब्यातून. चार भाग करा, शेवटचा आणि मोठा भाग रात्री झोपण्याच्या अगदी आधी.

पिल्लू असेल आणि खाऊन खाऊन ओरडत असेल, तर जंत हे पहिलं कारण धरा. औषध वजनावर असतं, म्हणून डॉक्टरांकडून डोस घ्या. कुत्र्याची गोळी अर्धी करून देऊ नका. तोच नियम पिसवांच्या औषधाला: कुत्र्याच्या मानेवर घालायच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, ते मांजराला झटके आणतं.

चौथी: पहाटेची सवय

पहाटेच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच सापडतं, म्हणून जरा थांबून वाचा.

मांजर पहाटे आणि संध्याकाळी जागं असतं, ती त्याची शिकारीची वेळ. जाग आल्यावर ते एकदा म्यांव करतं. माणूस झोपेत उठतो, वाटीत चार दाणे टाकतो आणि परत आडवा होतो. मांजराच्या हिशोबात सौदा पक्का झाला. पुढच्या आठवड्यात वेळ पाच मिनिटं अलीकडे येते, मग दहा, आणि महिन्याभरात पावणेचार.

उपाय म्हणजे ‘माणूस उठला’ आणि ‘खाणं आलं’ यांची गाठ सोडवायची. उठल्यावर लगेच वाटीकडे जाऊ नका. दात घासा, चहा टाका, दूध आत घ्या, निदान २० ते ३० मिनिटांनी खायला द्या. टायमरवर उघडणारा डबा घेता आला तर उत्तम. तो ओरडण्याच्या नेहमीच्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी लावा, म्हणजे मांजर माणसाकडे न येता डब्यापाशी जाऊन बसतं. मग दर दोन-तीन दिवसांनी वेळ दहा मिनिटं पुढे सरकवा. पावणेचारचं सहावर यायला साधारण महिना-दीड महिना लागतो. घाई करून एकदम तासभर सरकवलंत, तर ओरडणं परत माणसाच्या उशाशी येईल.

ओरडण्याकडे दुर्लक्ष करायचं ठरवलंत तर एक गोष्ट आधीच माहीत हवी: ते कमी होण्याआधी वाढतं. कालपर्यंत चालणारी किल्ली आज चालेना झाली की कुणीही जोरजोरात फिरवून बघतो, तसं. एखाद्या रात्री आवाज सगळ्यात मोठा असतो, आणि बहुतेक घरं नेमकी त्या रात्री हरतात. तेव्हा उठून खायला दिलंत तर मांजर शिकतं की चाळीस मिनिटं ओरडावं लागतं, बाकी सौदा कायम आहे. हे पहिल्यापेक्षा वाईट. दार आपटणं, ‘गप गं’ म्हणून ओरडणं, हेही मांजराच्या लेखी उत्तरच. पाण्याचा फवारा मारल्याने ते तुम्हाला घाबरतं, भूक तशीच राहते.

घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळायचा. आजी हळूच उठून मासळीचा तुकडा देतात, तिथे सगळं फिस्कटतं.

मात्र दुर्लक्ष हा उपाय फक्त निरोगी मांजरासाठी. सातवी तपासणी केल्याशिवाय तो सुरू करू नका.

पाचवी: खेळ

दिवसभर घरात एकटं झोपलेलं मांजर रात्री दहाला ताजंतवानं असतं. संध्याकाळी आणि झोपण्याआधी दहा ते पंधरा मिनिटं काठीला बांधलेली दोरी-पीस घेऊन खेळवा. दोरी मांजराच्या तोंडावर नाचवू नका, सावजासारखी त्याच्यापासून दूर, सोफ्याच्या कडेमागे सरपटत न्या. शेवटी पकडू द्या, आणि लगेच रात्रीचं खाणं. पकडणं, खाणं, अंग चाटणं, झोपणं, हा क्रम त्याच्या अंगातच आहे. नुसत्या लेझरच्या ठिपक्यामागे पळवलं तर हाती काही लागत नाही आणि ते आणखी चिडतं.

खेळ झाला की दोरी कपाटात. गिळलेला दोरा आतडं कापतो. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोऱ्याचं टोक दिसलं तर ओढू नका, तसंच दवाखान्यात न्या.

सहावी: खिडकीबाहेरचा बोका, आणि घरातला माज

बाहेरचं मांजर दिसत असेल तर खिडकीचा खालचा दीड-दोन फूट भाग बटरपेपर किंवा वर्तमानपत्राने आतून झाका. बाल्कनीखाली रात्री मांजरांना खाणं ठेवायची पद्धत असेल तर जागा बदला. मांजराने भिंतीवर लघवीचा फवारा मारला असेल तर काळं फिनाईल वापरू नका. त्यातली फिनॉल मांजराला विषारी, आणि पाय चाटताना थेट पोटात जातात. साबणाचं पाणी आणि मग एन्झाइमचा क्लीनर. चवताळलेल्या मांजराला त्या क्षणी उचलू नका, बाहेरच्यावरचा राग तुमच्या हातावर निघतो. चावलंच तर जखम १५ मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

माजाचं गणित असं. भाटी साधारण पाच-सहा महिन्यांची झाली की पहिल्यांदा माजावर येते, काही चौथ्याच महिन्यात. माज सरासरी आठवडाभर टिकतो. मिलन झालं नाही तर बीजांड सहसा सुटत नाही, आणि दोन-तीन आठवड्यांनी सगळं पुन्हा सुरू. दिवस मोठा असण्याशी याचा संबंध आहे. रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट जळणाऱ्या घरात मांजरीला हिवाळा कळतच नाही, म्हणून हे चक्र वर्षभर चालू शकतं. नवख्या माणसाला ही हाक ऐकून हमखास वाटतं की पोटात दुखतंय. फरक असा की माजावरची भाटी खांबाला, पायाला अंग घासते, कमरेवर हात ठेवला की ढुंगण वर करते. आजारी मांजर कोपऱ्यात जातं.

यावर घरगुती उपाय नाही. मेडिकलमधून आणलेल्या माज थांबवायच्या हार्मोनच्या गोळ्यांनी गर्भाशयात पू होणं, स्तनांच्या गाठी आणि मधुमेह यांचा धोका वाढतो. ‘एकदा पिल्लं होऊ द्या, मग शांत होईल’ हेही खरं नाही, पिल्लं दूध पीत असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते. उपाय एकच, नसबंदीची शस्त्रक्रिया. ऐन माजात गर्भाशयाकडचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून काही डॉक्टर तो उतरेपर्यंत थांबायला सांगतात. शस्त्रक्रियेनंतर टाके बरे होईपर्यंत, म्हणजे १० ते १४ दिवस, गळ्यात कॉलर आणि उड्या बंद. नंतर काही महिन्यांनी पुन्हा माजाची तीच लक्षणं दिसली तर बीजकोशाचा तुकडा आत राहिला असण्याची शक्यता असते. पुन्हा दाखवा. नसबंदी झालेल्या बोक्याच्या अंगातले हार्मोन उतरायला काही आठवडे जातात, तोवर त्याला भाटीपासून वेगळाच ठेवा.

सातवी: घरच्या घरी अंग तपासणी

मांजराला घेऊन वजनकाट्यावर उभं राहा, मग एकट्याने, आणि वजाबाकी करा. ४ किलोतले ४०० ग्रॅम गेले म्हणजे दहा टक्के. माणसाच्या भाषेत साठातले सहा किलो.

गाढ झोपेत छाती मिनिटाला किती वेळा वर येते ते मोजा, ३० च्या आत हवी. ओठ उचलून हिरड्या बघा: दाताच्या मुळाशी लाल रेघ, दुर्गंधी, लाळ, एकाच बाजूने चावणं. दुखरा दात असलेलं मांजर वाटीपाशी धावत येतं, एक दाणा उचलतं, टाकतं आणि ओरडतं. लोकांना वाटतं खाणं आवडलं नाही, आणि ते ब्रँड बदलत बसतात.

भांड्यात पाणी मोजून घाला. किलोमागे दिवसाला ५० मिलिलिटरच्या वर, म्हणजे ४ किलोचं मांजर २०० मिलिलिटरच्या वर पीत असेल, तर मूत्रपिंड, मधुमेह किंवा थायरॉईड तपासायला हवं. ट्रेमधले लघवीचे गोळे मोजा: दिवसाला दोन ते चार ठीक, अचानक खूप मोठे किंवा लिंबाएवढे आठ-दहा ठीक नाहीत.

ऐकू येतं का हे बघताना टाळी वाजवू नका, हवेचा झोत आणि जमिनीचा कंप त्याला कळतो. ते झोपेत असताना दुसऱ्या खोलीच्या दाराआडून कॅटफूडचं पाकीट चुरगाळा. कान हललासुद्धा नाही तर शंका धरा. बहिऱ्या मांजराला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून ते भसाड्या आवाजात ओरडतं. निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरांत जन्मतः बहिरेपणा बराच आढळतो. त्यावर औषध नाही, पण रात्री एक मंद दिवा आणि माणसाच्या खोलीत झोपायची परवानगी यांनी आवाज कमी होऊ शकतो.

इथे थांबा, डॉक्टरांना बोलवा

आवाज नवा आहे, वजन उतरलंय, पाणी वाढलंय, उलट्या आहेत, किंवा मोठ्या मांजराने २४ तासांत काहीच खाल्लं नाही, तर घरचे प्रयोग बंद. उपाशी मांजराच्या, विशेषतः जाड्या मांजराच्या, यकृतात दोन-तीन दिवसांत चरबी साचायला लागते आणि मग मूळ आजारापेक्षा ते निस्तरणं अवघड जातं.

वय १० च्या पुढे असेल तर वरच्यापैकी काही नसतानाही दाखवा. ‘भरपूर खातं, तरी वाळतंय, आणि रात्री ओरडतं’ हे वर्णन ऐकलं की डॉक्टर थायरॉईडची टी-४ तपासणी सांगतील. सोबत रक्तदाब, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीची तपासणी करून घ्या, कारण थायरॉईड, मूत्रपिंड आणि रक्तदाब बऱ्याचदा हातात हात घालून येतात. वाढलेल्या रक्तदाबाने डोळ्याचा पडदा सुटून रातोरात अंधत्व येऊ शकतं, आणि रक्तदाब तर गोळीने आवरता येतो. सगळे रिपोर्ट चांगले आले, तर सांधेदुखी आणि विसराळूपणा हे दोन उरतात. विसराळू मांजरासाठी फर्निचर हलवू नका, ट्रे झोपायच्या जागेजवळ आणा, त्याची पुढची कड खाली कापा, पॅसेजमध्ये रात्रीचा दिवा ठेवा. झोपेच्या किंवा वेदनेच्या गोळ्या माणसाच्या डब्यातून देऊ नका.

मांजरं बघणारे डॉक्टर जवळ नसतील तर जिल्ह्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी फोन करून विचारा, तिथला बराचसा भार गुरांचा असतो. मुंबईत परळला प्राण्यांचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. कुठेही जाताना फ्रिजवरचा कागद, व्हिडिओ आणि वजनाचे आकडे सोबत घ्या. पिशवीत किंवा हातात धरून नेऊ नका: वरून उघडणारा पिंजरा, आत घरातला न धुतलेला टॉवेल, वर ओढणी झाकलेली. रिक्षात पिंजरा मांडीवर न घेता सीटवर टेकवून धरा, हिंदकळला की मांजर पुन्हा ओरडायला लागतं.